साडूचा ट्रिमर

मादन हिप्परग्यात थंडीच्या दिवसांत कुणी शेकोटी पेटवत नाही. माणसं उठतात, तोंड खंगाळतात आणि काशप्पा सुताराच्या ओट्यावर येऊन हात शेकत बसतात. काशप्पा काही जाळत नसतो. तो स्वतःच जळत असतो. खोटं वाटत असेल तर आळंदहून जीप धरा आणि हात लावून बघा. फक्त आधी त्याच्या साडूचं, नागेशचं, नाव काढा. मग ऊब चांगली लागते.

काशप्पाची बायको बसव्वा आणि नागेशची बायको शैलश्री या सख्ख्या बहिणी, कमलनगरच्या सुभद्राबाईच्या लेकी. दोघींनाही सुतारच मिळाले. थोरलीला हिप्परग्याचा, धाकटीला हुमनाबादचा. नागेशनं मोटरसायकल घेतली तेव्हा काशप्पाच्या घरातलं दूध आठवडाभर नासत होतं. बसव्वा शहाणी, तिनं त्याचा कलाकंद करून गल्लीत वाटला. पुढं नागेशनं हायवेच्या कडेला वर्कशॉप टाकलं, तर काशप्पाच्या अंगणातला कडुलिंब बरोबर हुमनाबादच्या बाजूनं वाळला. दुसरी बाजू अजून हिरवीगार आहे, शेळ्या खातात.

एवढं सगळं गेलं तरी एक गोष्ट काशप्पापाशी शिल्लक होती, सासुरवाडीचा शेला.

सुभद्राबाईच्या घराण्यात रीत अशी, की पुढल्या दाराच्या चौकटीला हात घालणाऱ्या सुताराच्या खांद्यावर घरची मोठी बाई शेला टाकते. चौकट उभी राहीपर्यंत तो खांद्यावरून उतरवायचा नाही. उतरवला तर त्या घराला पाठ दाखवली असं धरतात. सुभद्राबाईच्या गोठ्याची चौकट काशप्पानं केली, तिच्या दिराच्या घराची त्यानंच केली, आणि दर वेळी शेला त्याच्याच खांद्यावर पडला. नागेशकडं मोटरसायकल होती, वर्कशॉप होतं, शेला नव्हता. काशप्पा रात्री उशाला शेले घेऊन झोपायचा.

आणि सुभद्राबाईनं नवं घर काढलं.

काशप्पा बसव्वासोबत कमलनगरला बसमधून उतरला तो हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन. त्याचा हात कमी नव्हता, हे आधी सांगतो. त्याच्या रंध्यातून निघणारी लाकडाची साल इतकी पातळ असायची, की एकदा शेजारणीनं पापड समजून तळली आणि पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली. त्यानं दाराची फळी हातात घेतली, रंधा मारला, आणि अंगणातल्या म्हाताऱ्या बाया वा वा म्हणणार, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

नागेशनं पिशवीतून काढलं ते मशीन पाणी प्यायच्या तांब्याएवढं होतं. खाली चपटं बूड, बुडातून डोकावणारं बोटाच्या पेराएवढं पातं आणि मागं लांब वायर.

"काय रं हे?" शेजारचे अंकुशराव पुढं आले. कमलनगरात कुणाच्याही अंगणात काहीही उघडलं की अंकुशराव पुढं येतात.

"ट्रिमर म्हन्तेत ह्याला, काका. लाकडाची कड गोल करायची, खाच पाडायची, नक्षी काढायची."

"मिक्सर दिसायलाय बग. चटनी व्हती का ह्यात?"

"बोटाची व्हती," नागेश हसत म्हणाला. "म्हनून तर जपून धरायचं."

सुभद्राबाईनं काम वाटून दिलं. दाराच्या फळ्या काशप्पाला, देवघराची चौकट नागेशला. मुख्य दाराची चौकट राहिली शेवटाला, आणि ती कोण करणार हे बाई बोलली नाही. शेला तिच्या पेटीत घडी घालून ठेवलेला होता. काशप्पाला तो पेटीच्या पत्र्याआडूनसुद्धा दिसत होता.

नागेशनं मशीन चालू केलं आणि अंगणात हजार गांधीलमाश्या सुटल्या. तुमच्या चहावर साय धरेपर्यंत देवघराच्या चौकटीची एक कड गोल होऊन, शेजारी बारीक खाच पडून, गुळगुळीत होऊन बसली. बाया हात फिरवायला लागल्या. एकीनं गाल लावून बघितला. काशप्पाच्या फळीकडं पाठ झाली सगळ्यांची.

त्या दिवसापासून काशप्पाचा रंधा चालायचा फळीवर आणि डोळे चालायचे नागेशवर. नागेश काम सुरू करायच्या आधी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवायचा, घड्याळ काढायचा, बाह्या कोपराच्या वर दुमडायचा.

"पैलवान उतरला आखाड्यात," काशप्पा बायकोच्या कानात म्हणायचा.

मग नागेश डोळ्यांवर पांढरा चष्मा चढवायचा, तोंडाला फडकं बांधायचा.

"दरोडा घालायलाय का कुनाच्या घरी?"

पातं बदलायचं असलं की नागेश आधी उठून बोर्डातून पिन उपटायचा, पिन समोर दिसेल अशी ठेवायचा, मगच पाना लावून नट सोडायचा. नवं पातं पुरतं आत घालून केसभर मागं ओढायचा, नट आवळायचा, हलवून बघायचा, पुन्हा आवळायचा.

"करंट चोरून नेतील म्हनून पिन काडून ठिवायलाय. केवडा कंजूष मानूस!"

लाकूड तो शिकंज्यानं टेबलाला जखडायचा. खिळा कुठं राहिला नाही ना म्हणून कडेवरून बोट फिरवायचा. वायर खांद्यामागून घ्यायचा. मशीनचं बूड लाकडावर टेकवायचा, पण पातं लाकडाला लागू द्यायचा नाही, तसंच बटण दाबायचा, आवाज भरू द्यायचा आणि मग डावीकडून उजवीकडं हळूहळू सरकायचा. एका दमात खोल जायचा नाही. थोडं काढायचा, पुन्हा थोडं. काम झालं की बटण बंद करून मशीन हातातच धरून उभा राहायचा. पातं पुरतं थांबेपर्यंत खाली ठेवायचा नाही.

"लेकराला ढेकर काडवायलाय बग!"

"अवं, तुमी बगायला कामून जाताव मग?" बसव्वा वैतागली. "जेवताना बगताव, तंबाकू मळताना बगताव. लगीन ठरल्यावर मला बी इतकं बगितलं न्हाई तुमी."

बाई खरं बोलली. कौतुकानं बघणाऱ्याची नजर मध्येच चहाकडं जाते. जळणाऱ्याची नजर हलत नाही. काशप्पाला नागेशच्या मनगटावरच्या शिरा पाठ झाल्या होत्या.

मुख्य चौकटीचा दिवस उजाडला. दुपारी मुहूर्त. गावातल्या बाया, भावकी, सगळे अंगणात. चुलीवर पुरणाच्या होळग्या पडायला लागल्या होत्या. काशप्पा न्हाऊन, विभूती लावून, कोरा सदरा घालून, चौकटीच्या लाकडापाशी अगोदरच जाऊन उभा. उजवा खांदा जरासा खाली धरलेला, शेला नीट बसावा म्हणून.

सुभद्राबाई पेटी उघडून आली. काशप्पाजवळ आली. त्याच्या खांद्याजवळून पुढं गेली. आणि तिनं शेला टाकला नागेशच्या खांद्यावर.

"सगळ्या बाया म्हनायलेत, देवघराला हाय तशीच कड पुढल्या दाराला पायजे," ती काशप्पाकडं न बघता म्हणाली. "तुमी थोरले. तुमी समजून घ्याव."

लोक सांगतात त्या क्षणाला चुलीतला जाळ आपोआप मोठा झाला आणि तव्यावरच्या होळग्या दोन्ही बाजूंनी एकदम भाजल्या. मी सांगत नाही, लोक सांगतात.

"मग मी काय करू?" काशप्पानं विचारलं.

"तुमी तिथं बोर्डापाशी बसा. पोरं-सोरं, शेरडं वायरीवर पाय द्यायलेत."

थोरला जावई वायर राखायला! अंकुशराव खाकरले. काशप्पा स्टुलावर बसला. बूड टेकल्यावर स्टुलाला धूर आला, असं म्हणणारेही आहेत. तेवढं मात्र मला पटत नाही.

नागेश चौकटीपाशी गेला. सवयीनं त्याचा हात खांद्याकडं गेला, शेल्याला लागला आणि थबकला.

"आत्याबाई, ह्यो जरा बाजूला ठिवू का? मशीन चालवतानी..."

"आगं बया!" बायांतून आवाज आला.

"चौकट उभी ऱ्हायच्या आदी शेला उतरवताव?" अंकुशराव म्हणाले. "घर वाकडं बसंल की राव."

सुभद्राबाईचं तोंड उतरलं. नागेशनं ते बघितलं. शैलश्रीनंही डोळ्यांनी खूण केली, राहू द्या म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला शेला माणूस कसा उतरवणार? त्यानं शेल्याचं टोक पाठीमागं टाकलं, चष्मा लावला, फडकं बांधलं, बाह्या वर केल्या. नट बघितला. शिकंजे बघितले. सगळं बघितलं, एवढं एक सोडून.

चौकटीचा एक खांब सुरेख झाला. अंगणानं श्वास सोडला. नागेशनं दुसरा खांब जखडला आणि वाकला. आता काम खालच्या टोकाचं, जास्त वाकायचं. पाठीमागचं टोक खांद्यावरून घसरलं. शेल्याची झालर पुढं आली आणि मशीनच्या बाजूला डोलायला लागली. घरघर सुरू होती. बाया कडेकडं बघत होत्या, अंकुशराव होळग्यांकडं. झालर दिसली ती एकट्या काशप्पाला.

त्याला पहिली आली ती आनंदाची उकळी. बरं होईल! शेला फाटेल, मिजास उतरेल, बोटबीट गेलं तर जन्माचा धडा. तो स्टुलावर टेकून बसला. गप्प बसायचं, एवढंच काम होतं.

पण जळणाऱ्या माणसाचं डोकं ट्रिमरच्या पात्याहून जास्त फेरे घेतं. पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. नागेश दवाखान्यात, हाताला हे एवढं बँडेज. सुभद्राबाई उशाला बसून त्याला शिरा भरवतेय. कमलनगर निम्मं रिकामं, सगळे मोसंबी घेऊन नागेशला बघायला गेलेले. त्याची स्वतःची बायको, बसव्वा, डबा घेऊन बस पकडतेय. आणि ही चौकट! येणारा जाणारा हिला हात लावून म्हणणार, ह्या चौकटीपायी नागेशनं बोटं दिली. असल्या चौकटीपुढं कुणाची चौकट टिकणार? काशप्पानं उरलेल्या जन्मात सागवानाचं अख्खं रान कोरलं, तरी दहा बोटं शाबूत असलेल्या सुताराला कोण विचारतं?

हे त्याच्यानं सोसवलं नाही. त्यानं हात घातला आणि पिन उपटली.

झालर मशीननं आधीच धरली होती. पात्यानं ती गुंडाळायला घेतली, मशीन लाकडावरून उसळलं आणि घोरपड दोर धरून चढावी तसं शेल्यावरून वर चढायला लागलं, नागेशच्या गळ्याकडं. करंट तुटला तरी पातं उरल्या जोरावर फिरत होतं. छातीपाशी आलं, तोंडाच्या फडक्यापाशी आलं, आणि घुर्र करून थांबलं. फडकं खाली ओढलं तेव्हा दिसलं, नागेशच्या मिशीची उजवी बाजू साफ उडालेली. इतकी सफाईदार, की कमलनगरच्या न्हाव्यानं नंतर येऊन ती बघितली आणि मशीन कुठं मिळतं ते विचारलं.

अंगण एकदम ओरडलं. सुभद्राबाईनं नागेशच्या गळ्यातला शेला सोडवला, त्याला बाजेवर बसवलं. कुणी लिंबू-पाणी आणलं, कुणी वारा घालायला लागलं. नागेशचे हात लटलट कापत होते.

"दिष्ट लागली माज्या जावयाला," सुभद्राबाई मीठ-मिरच्या घेऊन आली. "कुनाची लागली आसंल!"

आणि अख्ख्या अंगणाच्या माना वळल्या, बोर्डापाशी पिन हातात धरून उभ्या असलेल्या काशप्पाकडं.

बसव्वा उसळली. "हिकडं काय बगताव? मशीन बंद कुनी केली? दिष्टीनं बंद झाली व्हय?"

"अण्णांनी पिन काडली म्हनून वाचलो," नागेश बाजेवरून कसाबसा म्हणाला. "न्हाईतर गळ्यातच शिरत व्हतं."

"पर तुला कसं कळलं रं, काशप्पा?" अंकुशरावांचे डोळे बारीक झाले. "आमी समोर हुतो, आमाला कळलं न्हाई. तू तर लांब."

काशप्पाला खोटं सुचेना. "रोज तो उपरनं काडून खुटीला टांगतो," तो पुटपुटला. "मगच मशीनला हात लावतो. घड्याळ बी काडतो. आज शेला तसाच व्हता."

"आनि?"

"आनि पातं बदलताना पिन काडतो. नट दोनदा आवळतो. डाव्या हाताकडनं उजवीकडं जातो. थांबल्याबिगर खाली ठिवत न्हाई..." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपण थांबायला हवं होतं.

"लई शिकलाव की!" एक म्हातारी म्हणाली. "गुरू केलाव काय साडूला?"

हसू पसरलं. काशप्पाला वाटलं त्यापेक्षा पिन उपटली नसती तर बरं. पण सुभद्राबाई हसली नाही. तिनं मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या आणि काशप्पासमोर येऊन उभी राहिली.

"मुहूर्त जवळ आलाय. एक खांब ऱ्हायलाय. ह्येंचा हात कापायलाय. तुमी करा."

"रंध्यानं करू?"

"तसाच पायजे. जोडीचा."

काशप्पानं खांदा पुढं केला. आपोआपच झालं ते. सुभद्राबाईनं हातातल्या शेल्याकडं बघितलं. एक टोक चिंध्या झालेलं, त्यात लाकडाचा भुसा भरलेला. तिनं त्याचा बोळा केला आणि चुलीमागं फेकला.

"त्यो नगं. जावई गिळत व्हता त्यो. उगड्या खांद्यानं करा, माजं घर वाकडं बसलं तर बसू द्या."

म्हणजे काम मिळालं, मान नाही! पण मशीन समोर पडलं होतं, आणि अंगणभर दुसरा सुतार नव्हता.

त्यानं कोरा सदरा काढून ठेवला, बंडीवर आला. घड्याळ नव्हतंच, तरी सवयीनं मनगट चाचपलं. सवय नागेशची होती. पिन बाहेर आहे हे डोळ्यांनी बघितलं, परत बघितलं. पात्याला गुंडाळलेले शेल्याचे धागे आपल्या पटाशीनं सावकाश कापून काढले. पातं बोटानं न चाचपता उजेडाशी धरून बघितलं. एका धारेला टवका दिसला. नागेशच्या डबीतून जोडीचं दुसरं पातं घेतलं, आत घातलं, केसभर मागं घेतलं, आवळलं.

"अण्णा, नट..." बाजेवरून आवाज आला.

"आवळला."

"परत एकदा..."

"परत बी आवळला. तू पानी पी."

चष्मा लावल्यावर त्याला जग जरा धुरकट दिसलं, पण ते त्याला नेहमीच तसं दिसायचं. फडकं बांधलं. पिन बोर्डात लावली, टाकाऊ लाकडाच्या एका तुकड्यावर आधी चालवून बघितलं. मशीन हातात आल्यावर ते थरथरतं, मांजर पोटाशी धरल्यासारखं, हे त्याला बघून कळलं नव्हतं. तेवढं एक नवीन होतं. तो डावीकडून निघाला. पहिल्या फेरीला नुसती कड मोडली. दुसऱ्या फेरीला गोल झाली. घाई करावीशी वाटत होती, सगळ्यांनी बघावं असं वाटत होतं, आणि मान वर करून बघितलं तर कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं. बाया नागेशच्या मिशीचं काय करायचं ते ठरवत होत्या. सुभद्राबाई त्याला होळगी मोडून भरवत होती, तूप घालून. दवाखाना टळला होता, बाकी सगळं जसंच्या तसं घडत होतं.

पाठींच्या फटीतून दोन डोळे मात्र काशप्पाच्या हातांवर खिळले होते. नागेश होळगी चावत नव्हता. सुभद्राबाईनं घास पुढं केला तर मान बाजूला करून बघत होता, आड येऊ नका म्हणून.

खाच पाडून झाली. काशप्पानं बटण बंद केलं, मशीन छातीशी धरून उभा राहिला, घरघर पुरती विझू दिली. मग खाली ठेवलं आणि पिन काढली.

चौकट जोडली, हळद-कुंकू लावलं, पुरुषांनी उचलून उभी केली. अंकुशरावांनी ओळंबा धरला. रेष सरळ होती. बाया दोन्ही खांबांवरून हात फिरवायला लागल्या. हा खांब, तो खांब. पुन्हा हा. एकीनं गाल लावला, दुसरीनं दुसऱ्या बाजूला लावला.

"कंचा कुनी केला, समजंना की गं," सुभद्राबाई म्हणाली.

काशप्पानं तोंड उघडलं. सांगणारच होता, मोठ्यांदा, गल्लीला ऐकू जाईल असं. पण त्याच्या आधी नागेश बाजेवरून उठला, अर्ध्या मिशीनं पुढं आला आणि उजव्या खांबावर तळवा ठेवला. कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत नेला, कुठं अडखळतो का बघत. अंगठा कुठंच अडखळला नाही.

"ह्यो अण्णांचा," तो म्हणाला. "पयल्याच खेपंला. बरा झालाय." मग दात आवळून पुढं म्हणाला, "म्हंजे... माज्यापेक्षा वाईट न्हाई."

आवाज घोगरा होता, गिळता न आलेल्या घासासारखा. बायांना वाटलं घाबरल्यामुळं बसला असेल. पण काशप्पानं तो आवाज लगेच ओळखला. नागेशच्या मोटरसायकलीबद्दल, वर्कशॉपबद्दल, कुणी विचारलं की त्याच्या स्वतःच्या गळ्यातून नेमका हाच निघत आला होता.

तो तोंड मिटून वळला. चुलीजवळ जाऊन बसला, पानावर होळगी मागून घेतली, वर तूप मागितलं. नागेश अजून खांबापाशीच उभा होता, आणि त्याच्या जवळून जाणारी एक बाई पदर सावरत म्हणत होती, "आग्गं, इथं लईच गरम व्हायलंय की!"